पॉलीहाऊस तापतं, तशी पृथ्वीही तापते का? मावळच्या गुलाबांवरून समजून घ्या

जानेवारी उजाडला की तळेगाव दाभाडेच्या आसपास, आंबीच्या फ्लोरिकल्चर पार्कपासून पवन मावळातल्या पॉलीहाऊसपर्यंत, एकच हिशेब सुरू असतो: गुलाब नेमका कधी काढणीला येणार?

व्हॅलेंटाईन डेच्या निर्यातीसाठी फूल साधारण जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून १० फेब्रुवारीपर्यंत हातात यावं लागतं. त्यासाठी छाटणीचं वेळापत्रक डिसेंबरमध्येच आखलं जातं. पण थंडी कमी पडली तर कळ्या ठरलेल्या दिवसाच्या आधीच उमलू लागतात, दांडी आणि फूल लहान राहतं, आणि परदेशात जाणारा माल स्थानिक बाजारात मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. ढगाळ हवा राहिली तर डाउनी आणि भुरी, ऊन वाढलं तर लाल कोळी. हवामान खात्याच्या नोंदींनुसार २०२५ चा फेब्रुवारी हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता.

आता गंमत बघा. ज्या पॉलीहाऊसमध्ये हा गुलाब वाढतो त्याला मराठीत 'हरितगृह' म्हणतात, आणि ज्या वायूंमुळे थंडी बिघडतेय त्यांना 'हरितगृह वायू'.

पॉलीहाऊसमध्ये नेमकं काय होतं?

उन्हाचा बराचसा भाग पारदर्शक कागदातून आत येतो. माती आणि झाडं तापतात, त्यांना लागून असलेली हवा तापते. उघड्यावर ही गरम हवा वर निघून गेली असती, पण कागद तिला अडवतो. म्हणून दुपारी बाजूचे पडदे वर करावे लागतात.

पृथ्वीभोवती असा कागद नाही, त्यामुळे ही उपमा अर्धीच खरी आहे. पृथ्वीची उष्णता अवकाशात जाण्याचा मार्ग एकच: अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण. हवेतला ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा, आणि ते या किरणांना अडवत नाहीत. कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि पाण्याची वाफ मात्र ते शोषतात आणि त्यातला काही भाग परत जमिनीकडे सोडतात.

हे मुळात वाईट नाही. हे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. आज ते साधारण १५ अंश आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख कणांमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० कण होते, आता ४२० च्या वर आहेत. आणि इथे वर करायला पडदे नाहीत.

तळेगावातलं बटण, चंद्रपूरचा कोळसा

इतका कार्बन आला कुठून? मुख्यतः ऊर्जेतून. तळेगाव-चाकण पट्ट्यातले कारखाने, पॉलीहाऊसचे पंप, फुलं दोन-चार अंशांवर ठेवणारी शीतगृहं आणि घरातला एसी, हे सगळं ज्या ग्रीडवर चालतं तिथली बहुतांश वीज अजून कोळशाची आहे. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. देशाच्या ग्रीडवर एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराचे ७० किलो. तो धूर तळेगावात दिसत नाही, एवढंच. तो, आणि त्याची राख, चंद्रपूर-कोराडीच्या लोकांच्या वाट्याला येते.

रस्त्यावरचा हिशेब वेगळा. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो आणि डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरभर इंधनाचं वजन किलोपेक्षा कमी, मग वायू दोन-अडीच किलो कसा? कारण इंधनातला कार्बन हवेतला ऑक्सिजन सोबत घेतो आणि वजनात मोठा वाटा त्या ऑक्सिजनचा असतो. तळेगाव-चाकण रस्त्यावर कोंडीत उभा असलेला कंटेनर जागच्या जागी हेच करत असतो.

एक गल्लत मात्र टाळायला हवी. कोंडीत नाकाला झोंबतो तो काळा धूर फुप्फुसांसाठी घातक आहे, पण पाऊस पडला की तो धुऊन निघतो. कार्बन डायऑक्साइडला ना रंग ना वास, आणि त्याचा मोठा भाग शेकडो वर्षं हवेत राहतो. 'हवा स्वच्छ दिसतेय' याचा तापमानवाढीशी संबंध नाही.

"मग ईव्ही घेऊन काय फायदा, वीज कोळशाचीच ना?" हा सोशल मीडियावरचा आवडता प्रश्न. गणित करून बघा. विजेवरच्या स्कूटरला १०० किलोमीटरसाठी साधारण ३ युनिट लागतात, म्हणजे २ किलोच्या थोडं वर. लिटरला ५० किलोमीटर देणारी पेट्रोल स्कूटर तेवढ्याच अंतराला ४.६ किलो सोडते. बॅटरी बनवतानाचं उत्सर्जन यात धरलेलं नाही, पण रोज चालणाऱ्या गाडीसाठी निकाल बदलत नाही.

हे नैसर्गिक चक्र तर नाही?

नाही, आणि याचा पुरावा कार्बनमध्येच सापडतो. जिवंत झाडांमध्ये कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार थोडा तरी असतो. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली असलेल्या कोळशात आणि तेलात तो संपलेला असतो. कोळसा-तेल जाळायला लागल्यापासून हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होत गेलेलं शास्त्रज्ञांना आढळलं. ज्वालामुखींचं म्हणाल तर त्यांचा वार्षिक कार्बन डायऑक्साइड माणसाच्या तुलनेत एक टक्काही नाही.

परिणामांचा अभ्यास तर तळेगावपासून तासाभराच्या अंतरावर, पुण्यातल्या पाषाणमध्ये होतो. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या २०२० च्या सरकारी अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे १ अंशाने तापला. समुद्र तापला की वादळाला इंधन मिळतं. ३ जून २०२० ला अलिबागजवळ धडकलेलं निसर्ग चक्रीवादळ घाट चढून मावळात आलं, तेव्हा अनेक पॉलीहाऊसचे कागद फाटले. एकट्या वादळाचं खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही. पण अरबी समुद्रातली तीव्र वादळं वाढत आहेत, हे याच संस्थेच्या अभ्यासात दिसलं आहे.

मावळची जुनी वीज

कोळशाला पर्याय म्हटलं की लोकांना सौरपॅनेल आठवतं. मावळात मात्र पर्याय शंभर वर्षांपासून आहे. वळवण, शिरोता, ठोकळवाडी या धरणांचं पाणी घाटाखाली सोडून खोपोलीला १९१५ पासून आणि भिवपुरीला १९२२ पासून वीज तयार होते. ती गेली मुंबईच्या गिरण्यांना, जमिनी बुडाल्या इथल्या. शेजारच्या मुळशीत याच कारणावरून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धूर नसलेल्या विजेचीही किंमत कुणीतरी मोजतंच.

हीच तलावं आता पुन्हा चर्चेत आहेत. सौरऊर्जेची अडचण अशी की ती दुपारी भरपूर आणि संध्याकाळी शून्य. मावळातल्या जुलैत तर दुपारीही कमी. त्यावर एक उपाय म्हणजे दुपारच्या जादा विजेने पाणी वर चढवायचं आणि रात्री खाली सोडून वीज बनवायची. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने अशा दोन प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला: भिवपुरीला १,००० आणि शिरोत्याला १,८०० मेगावॅट.