रशियातील फिरती चित्रप्रदर्शने

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रशियातील चित्रकाराचे भवितव्य सेंट पीटर्सबर्गच्या शाही कला अकादमीच्या हाती होते. शिक्षण, पदके, परदेशी अभ्यासासाठीची वृत्ती हे सारे तिच्याकडूनच मिळे, आणि पुराणांतील व बायबलमधील प्रसंग हेच तेथे श्रेष्ठ विषय मानले जात. १८६३ मध्ये सुवर्णपदकाच्या स्पर्धेसाठी उत्तर युरोपीय पुराणातील ‘व्हालहालातील मेजवानी’ हा विषय ठरवण्यात आला, तेव्हा इव्हान क्राम्स्कोय यांच्या पुढाकाराने १४ विद्यार्थ्यांनी विषय निवडण्याची मुभा मागितली आणि ती नाकारली जाताच अकादमी सोडली.

या बंडाचा गौरव पुष्कळ झाला आहे. परंतु रशियन कलेच्या व्यवहाराला खरे वळण दिले ते १८७० मध्ये मंजूर झालेल्या ‘फिरत्या कलाप्रदर्शनांच्या संघा’च्या नियमावलीने. ग्रिगोरी म्यासोयेदोव यांच्या कल्पनेतून निघालेल्या या संघाचे सभासद, ज्यांना पुढे पेरेद्विझ्निकी म्हणजे फिरस्ते चित्रकार म्हटले जाऊ लागले, प्रदर्शनांची सर्व व्यवस्था स्वतःच पाहत आणि तिकिटांचे उत्पन्न आपसांत वाटून घेत. दरबाराच्या मर्जीऐवजी चार पैसे देऊन चित्र पाहणाऱ्या सामान्य नागरिकावर चित्रकाराने विसंबावे, ही त्या देशात अपूर्व गोष्ट होती. १८७१ च्या अखेरीस पीटर्सबर्गमध्ये भरलेले पहिले प्रदर्शन पुढे मॉस्को, कीव्ह आणि खारकोव्हला गेले. त्यातील अलेक्सेय साव्रासोव यांच्या ‘कावळे परतले’ या चित्रात वितळता मळकट बर्फ, वाकडेतिकडे भूर्ज वृक्ष, त्यांवरची घरटी आणि मागे खेड्यातले चर्च एवढेच आहे; पण इटलीच्या निसर्गाला आदर्श मानणाऱ्या काळात रशियातील ओल्या, करड्या मार्च महिन्याला चित्रविषयाची प्रतिष्ठा मिळाली, हे यश फार मोठे होते.

१८६१ मध्ये भूदासत्व, म्हणजे शेतकऱ्याला जमीनदाराच्या ताब्यात बांधून ठेवणारी पद्धत, संपले असले तरी दैन्य संपले नव्हते, याची साक्ष संघाचे सभासद इल्या रेपिन यांच्या ‘कुर्स्क प्रांतातील धार्मिक मिरवणूक’ या १८८३ च्या चित्रात मिळते. तेथे कुबडी घेऊन पुढे धडपडणाऱ्या पाठीत वाकलेल्या मुलाला काठीने बाजूला सारले जात आहे. रेपिन यांचेच ‘इव्हान द टेरिबल आणि त्याचा पुत्र’ हे चित्र १८८५ मध्ये झारच्या आदेशाने लोकांसमोरून काढण्यात आले, तरी मॉस्कोचे व्यापारी पावेल त्रेत्याकोव यांनी ते विकत घेतले आणि काही महिन्यांत बंदीही उठली.

१८९० च्या दशकात रेपिन, शिश्किन आदी चित्रकार सुधारित अकादमीत प्राध्यापक झाले, आणि संघाची धार बोथट होत गेली, तरी प्रदर्शने १९२३ पर्यंत भरत राहिली.