पसरकाराच्या माळ्यावरून

इब्रामपूरला आमच्या धाकट्या आजोबांचा पसरा होता. वर लाकडी माळा, खाली घासलेटाचा डबा. साधारण १९५५ साली गुळाची ढेप उतरवताना कामाचा पोरगा शिडीवरून पडला नि जन्मभर लंगडत राहिला. घरात हे सगळ्यांना ठाऊक. चोपडीत मात्र उधारीची पै न् पै आहे, त्याच्या पडण्याची ओळ नाही.

दोडामार्ग इथून जवळच. तिकडच्या मुंबई राज्यात दुकानांसाठी १९४८ चा कायदा होता. स्वच्छता, हवा, उजेड, आगीपासून खबरदारी, आणि मोडल्यास दंड. पण तोही जाहीर केलेल्या भागांपुरताच. इकडे पोर्तुगीज अमदानी. मुक्ती १९ डिसेंबर १९६१ ला झाली. गोवा, दमण व दीवचा दुकाने आणि आस्थापने कायदा १९७३ चा.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात नियमभंगातून अपघात होऊन कामगार गंभीर जखमी झाला वा दगावला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ ते ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. पण तो केला गेला १० किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांसाठी. आमच्या पसऱ्यावर कामाला एकच पोरगा! आजचा हा कायदासुद्धा त्याच्यापर्यंत पोचला नसता.

जुन्या चोपड्यांत आपण गुळाचे भाव शोधतो. शिडीवर कोण चढायचं, तेही घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आमच्या चोपडीची नक्कल करताना मी त्या पोराची हकीकत वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडली आहे.