स्पीडब्रेकर : पाच इंचांपासून बारा फुटांपर्यंत

आपल्याकडे स्पीडब्रेकर आधी मागणी करून मिळवायचा आणि मिळाला की शिव्या घालायच्या, अशी रीत आहे. शाळेपुढे हवा, सोसायटीच्या गेटपाशी हवा, कंपनीच्या आवारात तर हवाच हवा. पण तो किती उंच आणि किती रुंद असावा हे कोण ठरवतं? ठेकेदार, नाहीतर दुकानात तयार मिळणारी रबराची पट्टी. म्हणून आज या उंचवट्याचा इतिहास. पोस्ट लांब आहे, पण विषय तुमच्या-माझ्या मणक्याचा आहे.

सुरुवात अमेरिकेतली. न्यू जर्सी राज्यात चॅटम नावाचं छोटं गाव आहे. मोटारी नव्या होत्या, ब्रेक यथातथाच होते आणि चालवणारे हौशी. १९०६ साली या गावानं ठरवलं की पादचारी जिथे रस्ता ओलांडतात ती जागा रस्त्यापेक्षा पाच इंच उंच करायची. गाडी जोरात आली तर दणका बसेल, मग आपोआप सावकाश येतील. न्यूयॉर्क टाइम्सनं त्याची बातमी दिली. पोलीस नको, दंड नको, पावती नको. रस्त्यानंच शिक्षा करायची ही कल्पना तिथपासूनची.

पुढचं नाव ऐकून आश्चर्य वाटेल. आर्थर कॉम्प्टन. क्ष-किरणांवरच्या कामासाठी १९२७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं तेच. १९२६-२७ मध्ये हे गृहस्थ लाहोरला पंजाब विद्यापीठात व्याख्याते म्हणून राहून गेले होते. नंतर ते सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे कुलपती झाले. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरून गाड्या सुसाट जातात हे त्यांना खटकत होतं. १९५३ साली त्यांनी स्वतः बसून गतिरोधकाचा आकार ठरवला. गाडी ठरावीक वेगाच्या वर गेली की दणका बसावा, खाली असेल तर बसू नये, असा त्यांचा प्रयत्न होता. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हा प्रयोग सरकारी हमरस्त्यावर झाला नाही, एका संस्थेच्या आवारात झाला. आवाराचा गतिरोधक हा म्हणजे काही आजचा विषय नाही.

आता खरी कलाटणी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यांवर असे उंचवटे घालायला परवानगी नव्हती. खासगी रस्त्यांवर मात्र ते होते. तिथल्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स नावाच्या संशोधकानं निरनिराळ्या आकाराचे उंचवटे बनवून त्यांवरून निरनिराळी वाहनं नेली, आणि १९७३ साली अहवाल दिला. त्यातली गोष्ट आपल्या समजुतीच्या बरोबर उलटी आहे.

अरुंद, टेंगळासारखा उंचवटा हळू जाणाऱ्याला जास्त त्रास देतो. वेगात जाणाऱ्याला कमी! कारण सोपं आहे. चाक इतक्या पटकन वर जाऊन खाली येतं की तो झटका टायर आणि सस्पेंशनच गिळून टाकतात. गाडीच्या सांगाड्याला वर उचललं जायला वेळच मिळत नाही. म्हणजे नियम पाळून सावकाश येणाऱ्याला धक्का आणि बेफाम येणाऱ्याला माफी. उलट, उंचवटा बारा फूट रुंद आणि कमानीसारखा गोल केला, तर अख्खी गाडी वर चढते आणि खाली उतरते. मग वेग वाढेल तसा त्रास वाढत जातो. चालक स्वतःहून पाय काढतो. १९८१ च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यांवर उंचवट्यांना कायमची वाट मोकळी झाली, आणि बारा फुटी कमान जगभर गेली.

ती आपल्याकडेही आली, कागदावर. इंडियन रोड्स काँग्रेसनं १९८८ साली ‘आयआरसी ९९’ ही मार्गदर्शक सूत्रं काढली. त्यातलं माप : रुंदी ३.७ मीटर (म्हणजे तेच बारा फूट), मध्ये उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर, आणि ओलांडायचा वेग ताशी २५ किलोमीटर. ट्रक-बस जास्त असतील तर दोन्ही कडांना दीड-दीड मीटरचा हलका उतार जोडा, असंही त्यात आहे. अलीकडे ४० मीटरवर सूचनाफलक हवा, पट्टे रंगवलेले हवेत. सगळं लिहिलेलं आहे. २०१८ साली सुधारित सूत्रंही आली. पण आपल्या गल्लीत एका रात्रीत जे डांबराचं टेंगूळ उगवतं, त्यानं यातलं काहीच वाचलेलं नसतं.

आणि कंपनी, गोदाम, मॉल, हॉस्पिटल यांच्या आवारात तर टेप घेऊन मोजायला कुणी येतच नाही. तिथे ‘मजबूत दिसतोय’ हा एकच निकष. इतिहासानं दिलेला धडा तिथे कसा वापरायचा, तेवढं सांगतो.

पार्किंगमध्ये, जिथे गाडी तशीही ताशी आठ-दहाच्या वेगानं जायला हवी, तिथे पाच सेंटिमीटर उंचीची रबरी पट्टी चालते. पण माल घेऊन ट्रक-टेम्पो जातात त्या आतल्या रस्त्यावर तीच पट्टी ठोकली, तर ड्रायव्हर वेगातच उडवून नेतो आणि मागे माल आदळतो. तिथे रुंद कमानच हवी. जागा असेल तर माथा सपाट ठेवून तिथेच कामगारांना रस्ता ओलांडायची सोय करावी. चॅटमनं केलं होतं तेच.

फोर्कलिफ्टच्या वाटेवर मात्र उंचवटा नकोच. तिची चाकं लहान, टायर बहुधा भरीव, आणि सस्पेंशन नसल्यातच जमा. झटका थेट काट्यावरच्या मालाला बसतो आणि वर उचललेलं ओझं कलंडू शकतं. तिथे वाट अरुंद करा, कोपऱ्यावर आरसा लावा, माणसांची वाट कठड्यानं वेगळी करा. अ‍ॅम्ब्युलन्स आणि अग्निशमनाच्या गाड्यांच्या मार्गावर सलग पट्टीऐवजी तुकड्यांचे उंचवटे घातले, तर त्यांची रुंद चाकं दोन्ही बाजूंनी निघून जातात.

दुचाकीवाल्यांचा विचार तर सर्वांत आधी हवा, कारण आपल्याकडे गेटमधून आत येणारे बहुतेक तेच. वळणावर, उतारावर, अंधारात, न रंगवलेली पट्टी म्हणजे मागे एका बाजूला बसलेल्या बाईला थेट जमिनीवर. पावसाचं पाणी वाहून जायला कडेला जागा ठेवा. नाहीतर उंचवट्याआड डबकं साचतं आणि त्याखाली खड्डा होतो. आणि पेव्हर ब्लॉकवर बोल्ट ठोकून बसवलेली पट्टी काही दिवसांत हलायला लागते. मग एक तुकडा निघतो, आणि उघडा बोल्ट तेवढा वर राहतो, टायर फाडायला.

खर्चाचं म्हणाल, तर रुंद कमानीला माल जास्त लागतो हे खरं. पण सलग दहा अरुंद टेंगळं घालण्यापेक्षा योग्य जागी दोन नीट कमानी बऱ्या. त्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : इथे गाड्या वेगात का येतात? रस्ता उगाचच सरळ आणि रुंद असेल, तर कधी कधी चार कुंड्यांनीही काम होतं.

तेव्हा उद्या एक काम करा. तुमच्या सोसायटीच्या किंवा कंपनीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर टेपनं मोजा. मधली उंची आणि कडेपासून कडेपर्यंतची रुंदी, एवढंच. आकडे खाली कमेंटमध्ये लिहा, पुढच्या मीटिंगमध्ये मांडा. ‘स्पीडब्रेकर हवा’ म्हणून अर्ज आपण बरेच केले. आता अर्जात माप लिहायला लागू.