एआय क्रॉलर व संकेतस्थळांची प्रवेशबंदी

एआय क्रॉलर व संकेतस्थळांची प्रवेशबंदी : महाजालावरील पाने एकामागून एक उघडून त्यांतील मजकूर आपोआप उतरवून घेणाऱ्या संगणकीय कार्यक्रमाला ‘क्रॉलर’ किंवा ‘बॉट’ म्हणतात. असा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआय) भाषाप्रारूपांसाठी, म्हणजे प्रचंड लेखनसाठ्यावरून भाषेची घडण शिकून नवा मजकूर रचणाऱ्या प्रणालींसाठी, गोळा केला जात असेल, तर त्या क्रॉलरला ‘एआय क्रॉलर’ असे नाव आहे. २०२३ पासून जगभरातील वृत्तपत्रे, ग्रंथालये, कोश व खाजगी संकेतस्थळे अशा क्रॉलरांना प्रवेश नाकारू लागली असून, हा नकार केवळ विनंती आहे की तो डावलणे म्हणजे अनधिकृत प्रवेश ठरतो, हा त्यातून उद्भवलेल्या वादाचा गाभा आहे.

पूर्वपीठिका : शोधयंत्रांच्या आरंभकाळात क्रॉलरांच्या वारंवार भेटींनी त्या वेळचे दुबळे सर्व्हर कोलमडत असत. त्यावर उपाय म्हणून मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’ ही संकल्पना मांडली. संकेतस्थळाच्या मुळाशी ठेवलेल्या या साध्या मजकूर-धारिकेत कोणत्या क्रॉलरने कोणत्या भागात येऊ नये, हे लिहिलेले असते. सुमारे अठ्ठावीस वर्षे केवळ परस्परसंमतीने पाळला गेलेला हा संकेत सप्टेंबर २०२२ मध्ये ‘आरएफसी ९३०९’ या क्रमांकाने औपचारिक मानक झाला. तथापि हे नियम म्हणजे प्रवेशाचा परवाना देणारी वा नाकारणारी सुरक्षाव्यवस्था नव्हे, असे त्या मानकातच स्पष्ट केलेले आहे. ही धारिका फाटकावर लावलेल्या पाटीसारखी आहे. तिच्यातून मालकाची इच्छा कळते, पण तिला कुलूप नसते. शोधयंत्रे मजकूर घेऊन त्या बदल्यात वाचक पाठवीत, म्हणून ही पाटी पाळण्यात दोन्ही बाजूंचे हित होते. एआय प्रणाली मात्र मजकुराच्या आधारे स्वतःच उत्तर देते, त्यामुळे वाचक मूळ स्थळापर्यंत पोहोचेलच असे नाही, आणि जुना समतोल येथेच ढळला.

प्रकार व रोखण्याच्या पद्धती : एआय क्रॉलरांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : प्रारूपाच्या प्रशिक्षणासाठी मजकूर जमविणारे, उत्तरे शोधण्यासाठी सूची तयार करणारे आणि एखाद्या वापरकर्त्याने प्रश्न विचारताच त्याच्या वतीने पान उघडणारे. ‘चॅटजीपीटी’ चालविणाऱ्या ओपनएआय कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या ‘जीपीटीबॉट’ या क्रॉलरचे नाव जाहीर करून त्याला नकार देण्याची सोय दिली. पाठोपाठ गूगलने त्याच हेतूने ‘गूगल-एक्स्टेंडेड’ ही खूण आणली. परंतु ती शोधनिकालांच्या माथ्यावर येणाऱ्या एआय-सारांशांना लागू होत नाही, त्यामुळे ज्या प्रकाशकांचे बहुतेक वाचक गूगलमार्गे येतात, त्यांच्यापुढे सारांशासाठी मजकूर देणे किंवा शोधातील आपली जागा धोक्यात घालणे, असा अवघड पर्याय उरतो.

पाटी न जुमानणाऱ्या क्रॉलरांसाठी प्रत्यक्ष अडथळे उभारावे लागतात. क्रॉलरने सांगितलेले नाव आणि तो ज्या आयपी पत्त्यावरून आला तो पत्ता यांचा मेळ तपासणे, ठरावीक काळातील मागण्यांवर मर्यादा घालणे, मनुष्य असल्याची खात्री करणारी कसोटी लावणे आणि मजकूर लॉगिन वा वर्गणीच्या आड ठेवणे, हे त्यांचे मुख्य प्रकार होत. संकेतस्थळे व वाचक यांच्यामध्ये राहून वाहतूक हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने १ जुलै २०२५ पासून नव्या ग्राहकांसाठी एआय क्रॉलरांना मुळातच बंदी ठेवण्याचे धोरण स्वीकारले आणि प्रत्येक भेटीमागे शुल्क आकारण्याची योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. पर्प्लेक्सिटी ही एआय-आधारित शोधसेवा देणारी कंपनी ओळख लपवून बंदी ओलांडते, असा आरोप क्लाउडफ्लेअरने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पर्प्लेक्सिटीने तो फेटाळला आणि वापरकर्त्याच्या सांगण्यावरून पान उघडणे व सरसकट मजकूर गोळा करणे यांत फरक केला पाहिजे, अशी भूमिका घेतली.

भाराचा प्रश्न : मजकूर मुक्त परवान्याखाली असला, तरी तो पुरविण्याचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतो. मराठी विकिपीडियाचे यजमानपद सांभाळणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले, की जानेवारी २०२४ पासून चित्रे व ध्वनिचित्रे उतरविण्यासाठी लागणारी बँडविड्थ (माहितीवहनाची क्षमता) ५० टक्क्यांनी वाढली असून, सर्वाधिक खर्चिक वाहतुकीपैकी ६५ टक्के वाहतूक बॉटांची आहे. देणग्यांवर चालणाऱ्या ज्ञानप्रकल्पांना हा भार विशेष जाचक ठरतो.

परदेशातील कायदा : अमेरिकेत संगणकातील अनधिकृत प्रवेशाविषयीचा कायदा १९८६ चा आहे. हायक्यू ही विदा-विश्लेषण कंपनी विरुद्ध लिंक्डइन हे व्यावसायिक संपर्कस्थळ या खटल्यात नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने २०२२ मध्ये असे मत दिले, की लॉगिनशिवाय सर्वांना दिसणारी माहिती उतरवून घेणे बहुधा त्या कायद्याखालील अनधिकृत प्रवेश ठरत नाही. मात्र पुढे त्याच वादात वापर-अटींच्या भंगाचा मुद्दा हायक्यूच्या विरोधात गेला. युरोपीय संघाच्या २०१९ च्या कॉपीराइट निर्देशाने मजकूर-उत्खननाला सामान्यतः मुभा दिली असून, हक्कधारकाने यंत्राला वाचता येईल अशा रीतीने नकार नोंदविल्यास, वैज्ञानिक संशोधन संस्था वगळता इतरांसाठी ती मुभा संपते. अशा रीतीने तेथे पाटीलाच कायद्याचे बळ मिळाले आहे.

भारतातील स्थिती : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणक-यंत्रणेत प्रवेश करणे, तीतून विदा (डेटा) उतरवून घेणे किंवा तिच्या कामात व्यत्यय आणणे यांबद्दल भरपाई द्यावी लागते; तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने चालतात. विरार पूर्वेतील मनवेलपाड्यातून एखादे छोटे मराठी संकेतस्थळ चालविणाऱ्यालाही हा मार्ग मुंबईत खुला आहे, आणि गुन्ह्याची तक्रार मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे करता येते. तथापि सर्वांसाठी खुल्या पानाला ‘परवानगी’ गृहीत धरावी काय आणि रोबॉट्स-धारिकेतील नकाराने ती परवानगी काढून घेतली जाते काय, याचे उत्तर अधिनियमाच्या शब्दांत सापडत नाही. शिवाय परदेशी कंपनीविरुद्ध पुरावा गोळा करणे एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते.

कॉपीराइटच्या अंगाने हा प्रश्न एएनआय ही वृत्तसंस्था विरुद्ध ओपनएआय या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयापुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. एएनआयचे संकेतस्थळ आपण वगळण्याच्या यादीत टाकले असल्याचे ओपनएआयने सांगितले आणि सर्व्हर भारतात नसल्याने येथील न्यायालयाला अधिकारक्षेत्र नाही, असा बचाव केला. आधी घेतलेल्या मजकुराचे काय, हा प्रश्न मात्र अशा वगळण्याने मिटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेने व ‘लोकसत्ता’ प्रसिद्ध करणाऱ्या इंडियन एक्स्प्रेससह काही माध्यमसंस्थांनी या दाव्यात हस्तक्षेपाची परवानगी मागितली. केंद्राच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मधील कार्यपत्रात प्रशिक्षणासाठी सक्तीचा परवाना आणि हक्कधारकांना स्वामित्वशुल्क अशी योजना सुचविली आहे. तीत कायदेशीररीत्या उपलब्ध झालेल्या मजकुराचा वापर नाकारण्याचा हक्क मालकाला उरत नाही. म्हणून प्रवेशबंदी डावलून घेतलेला मजकूर ‘कायदेशीररीत्या उपलब्ध’ मानायचा की नाही, हे भावी कायद्याला निःसंदिग्धपणे सांगावे लागेल.

मराठीपुढील पेच : २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषकांची संख्या ८.३ कोटी आहे, पण महाजालावरील मराठी लेखन त्या मानाने अल्प आहे. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘महाकॉर्पस’ या महाजालावरून जमविलेल्या संग्रहाने मराठी संशोधनासाठी सुमारे २.४८ कोटी वाक्यांची भर घातली. असे संग्रह नसते, तर मराठीतील भाषांतर, शोध व वाचनसाहाय्याची साधने मागेच राहिली असती. वृत्तपत्रे, वाईहून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आणि हौशी लेखकांची स्थळे हेच या भाषेचे मुख्य डिजिटल भांडार असल्याने, त्यांनी एकदम दारे लावली, तर भाषेचेच नुकसान होते; उलट, त्यांचा मजकूर न विचारता नेला, तर लिहिणाऱ्यांचा उत्साह व उत्पन्न दोन्ही आटतात.

मूल्यमापन : क्रॉलरांचे समर्थक वाचनस्वातंत्र्य, संशोधन आणि खुले महाजाल यांचा दाखला देतात, विरोधक श्रमाचे मोल, सर्व्हरचा खर्च आणि संमती यांवर बोट ठेवतात. दोन्ही बाजूंत तथ्य असले, तरी स्पष्टपणे नोंदविलेला नकार ओळख लपवून ओलांडणे कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही. संशोधनाला सवलत, व्यापारी वापराला मोबदला, क्रॉलरांना खरी ओळख देण्याचे बंधन आणि रोबॉट्स-धारिकेतील नकाराला कायदेशीर मान्यता, या चार गोष्टी एकत्र आल्याखेरीज मराठीसारख्या भाषेतील लेखक व प्रकाशक आपली दारे विश्वासाने उघडी ठेवू शकणार नाहीत.