पलित आणि कलप

केस पिकणे ही घटना देहाची. पण आपल्या पूर्वजांनी ती केवळ देहापुरती ठेवली नाही. कालिदासाच्या रघुवंशात, बाराव्या सर्गाच्या आरंभी, वार्धक्य पांढऱ्या केसाच्या मिषाने दशरथाच्या कानाशी येते आणि, जणू कैकेयीच्या शंकेने, राज्यलक्ष्मी रामाच्या हाती सोपविण्याची सूचना हळूच करते. पाली जातककथांतील मिथिलेच्या मखादेव राजाने तर आपल्या न्हाव्यास सांगून ठेवले होते, की पहिला पांढरा केस दिसताच आम्हांस कळवावे. तो दिसला, आणि राजाने ज्येष्ठ पुत्रास राज्य देऊन प्रव्रज्या घेतली.

यावरून कोणी म्हणेल की केसांस कलप लावणे परंपरेस अमान्य आहे. आम्हांस हा निष्कर्ष पटत नाही. सहाव्या शतकातील अवंतीचा वराहमिहिर बृहत्संहितेच्या गंधयुक्तीच्या अध्यायात स्पष्ट म्हणतो, की डोके पांढरे असता माळा, सुगंध, वस्त्रालंकार शोभत नाहीत. म्हणून केसांच्या रंगाची काळजी घ्यावी. पाठोपाठ तो कृतीही देतो : हरकाचे तांदूळ लोखंडी भांड्यात आंबट द्रवात लोहचूर्णासह शिजवावे, बारीक वाटून डोक्यास लावावे, वर ओली पाने बांधावी, दोन प्रहरांनी ते काढून आवळ्याचा लेप द्यावा, आणि आणखी दोन प्रहरांनी धुवावे. लोह व आवळ्यातील तुरट द्रव्य यांच्या संयोगाने काळा रंग होतो. जुन्या शाईचे तत्त्वही हेच. म्हणजे ज्या परंपरेने पांढऱ्या केसास दूत मानले, तिनेच कलपही सांगितला.

कारणाचा विचारही जुनाच आहे. क्रोध, शोक आणि श्रम यांनी वाढलेली शरीराची उष्णता पित्तासह मस्तकात जाऊन केस पिकविते, असे सुश्रुतसंहिता सांगते. आजचे शास्त्र पित्ताऐवजी केसांच्या मुळाशी रंग निर्माण करणाऱ्या पेशी क्षीण होण्याकडे बोट दाखविते. वय आणि आनुवंशिकता ही मुख्य कारणे. तथापि तीव्र ताणानेही या पेशींचा साठा संपतो, असे 2020 साली हार्वर्डच्या संशोधकांस उंदरांत आढळले. तेव्हा तिशीत ज्याचे केस पिकले त्याने कलप लावला, तर त्यात वय लपविणे कसले?

मात्र कलपाचे द्रव्य आता पालटले आहे. 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन याने कृत्रिम जांभळा रंग शोधला आणि रसायनजन्य रंगांचे युग सुरू झाले. 1907 साली पॅरिसमध्ये यूजेन शुलर याने केसांचा कृत्रिम कलप सिद्ध केला. आजच्या बहुतेक टिकाऊ काळ्या कलपांत पीपीडी हे रसायन असते. काहींस त्याने खाज सुटते, तोंड सुजते. शुद्ध मेंदी तांबूस रंग देते. ‘काळी मेंदी’ म्हणून जे विकले जाते त्यात बहुधा हेच रसायन मिसळलेले असते. म्हणून पुड्यावरील मजकूर वाचावा, आणि थोडा कलप प्रथम कातडीवर लावून दोन दिवस वाट पाहावी.

राहिला धर्माचा प्रश्न. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाने वनाची वाट केव्हा धरावी ते सांगितले आहे. कायद्याच्या अभ्यासकाने तेथील अटी नीट वाचाव्या : नुसते पलित नव्हे, सुरकुत्या आणि नातवंडाचे दर्शन हीही सोबत आहेत. दुसऱ्या अध्यायात तीच स्मृती सांगते की डोके पांढरे झाल्याने कोणी वृद्ध ठरत नाही. तरुण असूनही जो विद्वान, तोच वृद्ध. पांढरा केस हा अधिकाराचा दाखला नव्हे. ती काळाने बजाविलेली नोटीस आहे. कलपाने नोटीस झाकली जाईल, रद्द होणार नाही.

म्हणून केस रंगवावे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या प्रकृतीस आणि आवडीस विचारून ठरवावे. पण घराच्या किल्ल्या, दुकानाची वही, देवस्थानच्या समितीतील आसन यांविषयी तो निर्णय एकट्याचा नसतो. तेथे आमची पिढी पुष्कळदा काळे केस करूनही बसते आणि पांढरे केस दाखवूनही बसते. मागे उभी असलेली तरुण मंडळी मात्र जमाखर्च शिकण्यावाचून राहतात. दशरथाने सूचना ऐकली, पण फार उशिरा. मखादेवाने ती स्वतः मागून घेतली होती.