चोरीचा धडा : आखानाची गोष्ट सांगावी की जक्कयाची?

चोरी करू नये, हे लहान मुलाला शिकविणे वरकरणी सोपे वाटते. प्रत्यक्षात चार वर्षांच्या मुलाला 'माझे' हा शब्द चांगला कळतो, 'तुझे' हा शब्द मात्र सोयीनुसार कळतो. शेजारच्या घरातून आणलेली खेळण्यातील मोटार ही त्याच्या लेखी चोरी नसते. ती आवडलेली वस्तू असते. या वयाच्या मुलांपुढे दहा आज्ञांपैकी चोरीविषयीची आज्ञा ठेवताना ख्रिस्ती पालक आणि शब्बाथ शाळेचे शिक्षक काय सांगतात, कोणती गोष्ट निवडतात, यावर बरेच अवलंबून असते.

वाशीम जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या अल्प असली तरी मिशनचे काम जुने आहे. चर्च ऑफ द नाझरीनने बुलडाणा आणि वाशीम परिसरात काम केले. वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय १९३८ सालचे. मानोऱ्यासारख्या तालुक्यात ख्रिस्ती घरातील मूल बहुधा इतर धर्मीयांच्या मुलांसोबतच वाढते. त्यामुळे शब्बाथ शाळेत रविवारी ऐकलेल्या धड्याची परीक्षा सोमवारी शाळेच्या वर्गात, दुकानाच्या फळीपुढे आणि शेताच्या बांधावर होते.

ही आज्ञा निर्गमच्या विसाव्या अध्यायात आहे. तिचा क्रमांक मात्र सर्वत्र एक नाही. अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) प्रोटेस्टंट घरातील मूल ती आठवी आज्ञा म्हणून पाठ करते, तर वसईच्या कॅथलिक घरातील मूल सातवी म्हणून. आज्ञांची विभागणी दोन परंपरांनी वेगळी केली, एवढेच त्याचे कारण. मार्टिन ल्यूथरने १५२९ साली घरोघरी शिकविण्यासाठी जी लहान प्रश्नोत्तरी लिहिली, तिच्यात या आज्ञेचा अर्थ केवळ 'घेऊ नये' एवढ्यावर थांबत नाही. शेजाऱ्याची मालमत्ता आणि त्याचे पोटपाणी सांभाळायला मदत करणे, हाही अर्थ त्यात सांगितला आहे. शिक्षकाच्या दृष्टीने हे अधिक उपयोगाचे आहे. मुलाला 'नको' म्हणून थांबविण्यापेक्षा 'सापडलेली पेन्सिल ज्याची त्याला दे' असे काम सांगणे सोपे जाते.

गोष्टीची निवड हा खरा कळीचा मुद्दा. बायबलमध्ये चोरीच्या दोन ठळक कथा आहेत. यहोशवाच्या पुस्तकातील आखान हा यरीहोच्या लुटीतील सोने, रुपे आणि एक सुंदर वस्त्र तंबूत पुरून ठेवतो. पकडला जातो आणि त्याला दगडमार होतो. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय हा याच यरीहोचा जकातदार. ठेंगणा असल्यामुळे तो येशूला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढतो. येशू त्याला नावाने हाक मारून त्याच्या घरी उतरतो आणि मग जक्कय स्वतः होऊन जाहीर करतो, की ज्याचे काही अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत देईन. पहिल्या कथेत कबुलीनंतर मरण आहे, तर दुसऱ्या कथेत पाहुणा घरी आल्यानंतर कबुली आहे. जुन्या पिढीतील अनेकांना धाकाच्या कथा अधिक परिणामकारक वाटत. लहान मुलांच्या बाबतीत हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

कॅनडातील कांग ली आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना खरेपणाविषयीच्या गोष्टी सांगून नंतर ती खरे बोलतात का, हे त्यात पाहिले गेले. लांडगा आला रे आला आणि पिनोकियो या शिक्षेच्या गोष्टींनी फरक पडला नाही. जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाच्या गोष्टीने, जिच्यात खरे बोलल्याबद्दल मुलाची प्रशंसा होते, फरक पडला. हा अभ्यास खोटे बोलण्याविषयीचा आहे, चोरीविषयीचा नाही. पण घेतलेली वस्तू लपविणारे मूल आधी खोटेच बोलते. त्या अर्थाने शब्बाथ शाळेतील शिक्षकाने आखान थोडा मोठ्या मुलांसाठी राखून ठेवावा, हे बरे.

त्याआधी १९३२ साली स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलांपुढे दोन चोऱ्या ठेवल्या होत्या. एका मुलाने भुकेल्या मित्रासाठी दुकानातून पाव उचलला. एका मुलीने स्वतःच्या हौसेसाठी फीत उचलली. अधिक वाईट कोण? लहान मुले वस्तूचा आकार आणि किंमत पाहून निवाडा करीत, मोठी मुले हेतू पाहून. म्हणूनच पाच वर्षांच्या मुलाला 'तुझा हेतू वाईट होता' असे सुनावण्यात फारसा अर्थ नाही. 'चिंगीची बाहुली हरवली, ती रडते आहे' हे त्याला कळते.

परतफेडीच्या नियमांकडेही लक्ष वेधावेसे वाटते. मोशेच्या नियमशास्त्रात चोरीची भरपाई एकसारखी नाही. चोरलेला बैल मारला वा विकला तर पाच बैल द्यावे लागत, मेंढराबद्दल चार. जनावर चोराजवळ जिवंत सापडले तर दुप्पट. ज्याने आपण होऊन अपराध कबूल केला, त्याला मूळ वस्तू आणि वर फक्त पाचवा हिस्सा. म्हणजे कबुली जितकी लवकर, तितका बोजा हलका. घरातही हाच न्याय चालू शकतो. स्वतः येऊन सांगणाऱ्या मुलाला आणि पकडल्यावर रडणाऱ्या मुलाला सारखीच शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी सांगायला कोणी येणार नाही.

अनुवादाच्या पुस्तकातील आणखी एक नियम मानोऱ्याच्या मुलाला चटकन पटेल. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात शिरलेल्याने पोटभर खावे, टोपलीत भरू नये. उभ्या पिकातील कणसे हाताने खुडावी, विळा लावू नये. हरभरा भरला की शाळेतून परतणारी पोरे वाटेवरच्या शेतातून डहाळे उपटतात, तेव्हा मूठभराला शेतकरी बहुधा हरकत घेत नाही. दप्तर भरले तर घेतो. सवलत आणि चोरी यांतील ही रेषा पुस्तकी व्याख्येपेक्षा मुलाला लवकर समजते. भुकेपोटी चोरणाऱ्याचा तिरस्कार करू नये, असे नीतिसूत्रांत सांगितले आहे. मात्र भरपाई त्यालाही चुकलेली नाही. वर्गातील डबा पळविणाऱ्या मुलाने सकाळी काही खाल्ले होते का, ही चौकशी आधी व्हायला हवी.

मुलाला 'चोर' म्हणणे मात्र सर्वस्वी टाळावे. याचे कारण मानोरा तालुक्यात वेगळे सांगण्याची गरज पडू नये. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी याच तालुक्यात आहे आणि हा समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत मोडतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची तरतूद केली. पुढे अशा वसाहती चालविण्यात मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांचाही हात होता. सोलापूरच्या वसाहतीची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. तिथे मुलांना शाळा आणि उद्योग मिळाले, हे खरे. परंतु त्या मुलांना न केलेल्या चोरीसाठी सुधारायचे होते, हेही तितकेच खरे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. शिक्का त्यानंतरही किती चिवट राहिला, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनात वाचायला मिळते.

कायदाही आता मुलांच्या बाजूने सावध आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २० नुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वयोगटात मुलाची समज पाहिली जाते. बाल न्याय कायदा, २०१५ मुलांविषयी कलंक लावणारे शब्द वापरू नयेत, असे तत्त्व म्हणून सांगतो. योगायोग असा, की कॅथलिक परंपराही विवेकाचे वय सातच्या आसपास धरते. पोप दहावे पायस यांनी १९१० साली त्याच आधारावर पापनिवेदन आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी हे वय ठरवून दिले.

वस्तू सापडल्यावर पालकांनी काय करावे? दुकानातील गोळी असेल तर मुलासोबत दुकानात जावे. एकट्याला पाठवू नये. दुकानदाराला आधी खुणेने सांगून ठेवले, तर तो ओरडत नाही. गोळी खाल्लेली असल्यास पैसे मुलाच्या हातून द्यावेत आणि ते त्याच्या खाऊच्या पैशांतून असावेत. दुकानातून निघाल्यावर तो विषय पाहुण्यांपुढे, आजी-आजोबांपुढे किंवा शब्बाथ शाळेत पुन्हा काढू नये.