दूरवरचा दिवा

हातातल्या पेटीवरचं बटण दाबताच आकाशात घिरट्या घालणाऱ्या छोट्या विमानाचे दिवे लागतात आणि पोरं टाळ्या पिटतात. या कौतुकाची सुरुवात मात्र पाण्यावर झाली. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या वीज-प्रदर्शनात निकोला टेस्ला यांनी हौदात एक छोटी बोट सोडली. तिला तार नव्हती. आत धातूची पूड भरलेली डबी होती. रेडिओलहर पोचली की पुडीतून वीज वाहू लागे. मग सुकाणू वळे, दिवे लुकलुकत. कुणी ६४चं घनमूळ विचारलं, तर दिवे चारदा लुकलुकले, असं सांगतात. उत्तर अर्थात टेस्लांचंच! पुढं १९३७ मध्ये अमेरिकेतल्याच वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ हे छोटं विमान रेडिओच्या इशाऱ्यांवर उडवलं.

टेस्लांनी मात्र बोटीच्या पेटंटातच लिहून ठेवलं होतं, की या यंत्राचा सर्वांत मोठा परिणाम युद्धावर होईल आणि त्याच्या अमर्याद संहारशक्तीमुळं देशादेशांत शांतता नांदेल. युद्धात ते आलं. शांतता आली नाही. तीच लहर दिवा लावते, तीच बॉम्ब टाकते. तिला काय कळणार? कळायला हवं ते बटणावरच्या बोटाला.